पाणी प्यालेलं लोखंड

कोयता विकत घेताना तो आधी ऐकायचा असतो, हे मला आजोबांनी शिकवलं. राजापूरच्या आठवडा बाजारात गोणपाटावर मांडलेल्या कोयत्यांतून ते एक उचलत, मूठ दोन बोटांत सैल धरत आणि पात्यावर नखानं टिचकी मारत. नाद खणखणीत आला आणि लांबत गेला, तर पातं निर्दोष. आवाज बसका निघाला, मध्येच विझला, की कुठेतरी डोळ्याला न दिसणारी चीर आहे. मग ते काही न बोलता कोयता खाली ठेवत. धार कशी आहे, हे ते सगळ्यात शेवटी बघत.

आज माझ्याकडे अकरा पाती आहेत. पाच कोयते, तीन कोयत्या, दोन सुऱ्या आणि एके काळी आजीच्या विळीचं असलेलं एक पातं. एकही भिंतीवर टांगलेलं नाही. सगळी माजघरातल्या फळीवर, खोबरेल चोळून, जुन्या राजापुरी पंच्यात गुंडाळून ठेवलेली असतात. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी मी ती उलगडतो. इथली हवा लोखंडाला सुखानं राहू देत नाही. चार दिवस दुर्लक्ष झालं, तर पात्यावर तांबूस ठिपके उमटतात, आणि मग राखेनं घासताना त्या पात्याची माफी मागावीशी वाटते.

आमच्या भागातल्या कोयत्याची चोच टोकाशी आत वळलेली असते. ती शोभेसाठी नाही. फेब्रुवारीत शेताच्या भाजावळीसाठी ऐन-किंजळाचे कवळ, म्हणजे डहाळ्या, तोडताना फांदी पात्यावरून निसटत नाही, चोच तिला धरून ठेवते. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जमिनीलगतचं झुडूप तोडताना कातळाचा पहिला टोला चोच सोसते, धार वाचते. वजनही मुठीकडे नसून पुढे असतं. हात फक्त दिशा देतो, बाकीचं काम कोयता स्वतःच्या भारानं करतो. झाडावर चढताना तो कमरेच्या आकडीत पाठीमागे अडकवायचा, दोन्ही हात मोकळे. लहानपणी माझ्या मनात कर्तेपणाची खूण म्हणजे ती आकडीच होती.

अर्जुना नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका वाटेवर आमचे लोहारकाका बसायचे. पत्र्याचा आडोसा, आत भर दुपारीही काळोख. ऊन आत येऊ नये म्हणून ते गोणपाट सोडून ठेवत. का, ते मला उशिरा कळलं. तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात खोटा दिसतो. लोहाराची सगळी विद्या त्या रंगात असते, म्हणून त्याला अंधार सांभाळावा लागतो.

पूर आला की अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या मिळून बाजारपेठेत शिरतात. काका तेवढ्यापुरतं सामान वर चढवत, पंखा आणि सांडश्या घरी नेत. ऐरण मात्र तिथेच पाण्याखाली राही. पाणी ओसरलं की गाळ खरवडून पहिला घाव तिच्यावर नुसताच, लोखंडाशिवाय, घालायचा.

त्यांचा कोयता ट्रकच्या कमानपाट्यातून जन्माला यायचा. घाटातून चिरे आणि आंब्याच्या पेट्या वाहून थकलेल्या गाड्यांचे मोडके पाटे ते निवडून आणत. त्या पोलादात कार्बन शंभरात अर्ध्या भागाच्या आसपास असतो, म्हणून ते कडकही होतं आणि लवचीकही राहतं. काका कार्बनचं नाव घेत नसत. ते पाट्याला कानस लावून बघत आणि म्हणत, "ह्याच्यात जीव आहे."

मग भट्टी, घण, सांडशी. पाटा लाल होई, नारिंगी होई, घणाखाली पसरत जाई. समोर घण मारणारा त्यांचा मुलगा, आणि काकांच्या हातातली छोटी हातोडी त्याला नुसत्या टकटकीनं सांगे: इथे, आता इथे, पुरे. तासभर दोघांत एक शब्द नाही. पातं काळं पडू लागलं की काका थांबत. गार लोखंडावर मारलेला घाव आत चीर पेरतो. आजोबांच्या टिचकीला जी सापडायची, तीच ही चीर.

सगळ्यात अवघड घटका पाणी पाजण्याची. मराठीनं या क्रियेला किती जिवंत शब्द दिला आहे! मी एकदा अधीर होऊन विचारलं, "काका, आता बुडवायचं ना?" ते भट्टीवरची नजर न हलवता म्हणाले, "तहान लागू दे त्याला." पिकल्या रातांब्याचा रंग पात्यावर सगळीकडे सारखा आला, तेव्हा त्यांनी फक्त धारेची कड पाण्यात धरली. चर्र झालं, वाफ उठली. पाठ अजून तापलेलीच होती. धार चटकन पत्र्यावर घासून त्यांनी उजळली आणि पातं माझ्यासमोर धरलं. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकत होती आणि तिच्यापुढे रंग चालत होते. आधी फिकट गवती पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी, मागून जांभळा, त्याच्या पाठीवर निळा. सुमारे दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसमधला हा सगळा खेळ. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण ठिसूळ; निळा येऊ दिला तर नरम. तपकिरी धारेला टेकला आणि काकांनी अख्खं पातं बुडवलं. डोळ्याचं पातं लवण्याइतकी ती संधी असते. इंद्रधनुष्यं मी पुष्कळ पाहिली, पण तो रंगांचा प्रवास अजून डोळ्यांपुढून जात नाही.

राजापुरात लोखंडाची गोष्ट करताना पायाखालचा जांभा विसरता येत नाही. त्याचा तांबडेपणा म्हणजे लोखंडाचा गंजच. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक अशाच तांबड्या दगडातून कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात जंगलं राखीव झाली, कोळसा मिळेना, विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं आणि त्या भट्ट्या विझल्या. पायांना लागणाऱ्या या तांबड्या धुळीत किती कोयते झोपले असतील, असं सड्यावरून चालताना मनात येतं.

राजापूर एके काळी मोठं बंदर होतं. इंग्रजांची वखार इथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती खणती लावून लुटली. त्या काळातली युरोपी पात्याची आणि दख्खनी मुठीची फिरंग तलवार आज संग्रहालयात काचेमागे मानानं बसलेली दिसते. तिचा मान तिला आहेच. पण शेत राखणाऱ्या, माणसं जगवणाऱ्या कोयत्याला काच मिळत नाही, याची मला खंत वाटते. म्हणूनच पुण्याच्या दिनकर केळकरांबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी आयुष्यभर शोधून जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते संग्रहालय उभं राहिलं. रोजच्या वापरातली वस्तू जपावी, ही दृष्टी मला तिथल्या अडकित्त्यांपुढे उभं राहून मिळाली.

माझी बहुतेक पाती भंगारातली आहेत. मुंबईला गेलेली माणसं गावचं घर आवरतात तेव्हा कोयते किलोवर जातात. मी त्या ढिगात झिजलेलं पातं शोधतो. झीज खोटी करता येत नाही. एका कोयतीचं पोट मध्यभागीच खोल गेलंय, म्हणजे ती धरणारी बाई छोट्या झटक्यानं गवत कापायची. एका मुठीवर अंगठ्याचा खळगा आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही. तो कुणा बारक्या हाताचा आहे.

आजीच्या विळीचं पातं झिजून दोन बोटं उरलं होतं. तिनं त्यावर कैऱ्या चिरल्या, तेल लावून चिकाळ फणस फोडले, टोकाच्या खवणीवर नारळ खवले. लोखंड निळसर काळं झालं होतं. गेल्या वर्षी पाटातून ते निखळलं. मी ते काकांच्या मुलाकडे नेलं. आता भट्टी तोच चालवतो. त्यानं ते उलटसुलट केलं, टिचकी मारून कानाशी धरलं.

"अजून वाजतंय की. सुरी करू?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. अकरा पातीच माझ्याकडे राहणार होती, पण आजीचं पातं आजीच्या आकाराचं राहणार नव्हतं. शेवटी मान हलवली. त्यानं गोणपाट खाली सोडलं.

वीतभर सुरी झाली, फणसाच्या लाकडाची पिवळी मूठ. या मे महिन्यात तिनं पहिले रातांबे फोडले. आंबट रस पात्यावरून ओघळला आणि दुपारपर्यंत नवं, पांढरं लोखंड धारेपासून वर वर काळसर होत गेलं.