चिरंजीवाचे चाहते

नटाने म्हातारे केव्हा व्हावे, ह्याचा निकाल निसर्गाच्या हाती असतो अशी आपली समजूत आहे. मला तसे वाटत नाही. तो निकाल प्रेक्षक देतात, आणि तोही एकमताने कधीच देत नाहीत. कोणी म्हणतो, ह्याने आता पुरे करावे; कोणी म्हणतो, हा आहे तोवर आम्ही तरुण आहो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक प्रामाणिक असते, कारण त्यात नटापेक्षा स्वतःची काळजी अधिक असते.

हा विचार सुचावयास निमित्त झाले ते अमिताभ बच्चन ह्यांचे. एप्रिल २०२४ मध्ये नाग अश्विन ह्या तेलुगू दिग्दर्शकाच्या ‘कल्की २८९८ ए. डी.’ ह्या चित्रपटाची एक लहानशी झलक प्रसिद्ध झाली. अंधाऱ्या गुहेत सर्वांगास चिंध्या गुंडाळलेला एक वृद्ध बसला आहे; एक पोर त्यास ‘तू कोण’ म्हणून विचारते, आणि तो आपण द्रोणाचार्यांचा पुत्र अश्वत्थामा असल्याचे सांगतो. एवढेच. परंतु एवढ्याने आमच्या नांदेडच्या कॉलेजात दोन पक्ष पडले.

नांदेडची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या बाजूची कित्येक मुले घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि माझ्या तासाला भीतभीत इंग्रजी बोलतात. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होता. पुढे भाषावार सीमा आखल्या गेल्या. पण नटांवरची भक्ती कोणत्याही आयोगाला वाटून देता आली नाही. ह्या मुलांचे दैवत प्रभास. त्याच्या चित्रपटात हे आजोबा कशाला, असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या लेखी अमिताभ म्हणजे खुर्चीवर बसून लोकांना प्रश्न विचारणारे एक अतिशय सभ्य गृहस्थ. उलट शिक्षकांच्या खोलीतील आम्हा पन्नाशी उलटलेल्यांचे म्हणणे असे की, अमिताभच्या चित्रपटात हा प्रभास कशाला? दोन्ही पक्षांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यामुळे वाद उत्तम रंगला.

लातूरचे माझे मामा मात्र तिसऱ्याच पक्षाचे निघाले. “त्या माणसाला आता घरी बसू द्या रे,” ते फोनवर म्हणाले. “ऐंशी उलटल्यावर दोरांना टांगून लढवायचं म्हणजे काय? माणुसकी आहे की नाही?”

मामांच्या तोंडून हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. १९८२ च्या जुलैअखेर बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभला जिवावरची दुखापत झाली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ऑगस्टचा महिना तो. त्याच महिन्यात लातूर जिल्हा नव्याने अस्तित्वात आला. गावात ठिकठिकाणी त्याचीच चर्चा. पण आमच्या घरी जिल्ह्याची वार्ता मागे पडली होती, कारण मामा रोज सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन एका परक्या माणसाच्या आयुष्यासाठी अभिषेक करीत होते. आजी म्हणे, “बापाच्या आजारपणात कधी देवळाची पायरी चढला नाहीस.” त्यावर मामा निरुत्तर होत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. ज्याने देवाजवळ आयुष्य मागितले, तोच आता ते आयुष्य फार लांबले म्हणून कुरकुरत होता.

चाहत्यांचा हा हक्क जुना आहे. १९३५ साली बालगंधर्व प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त आमच्या पैठणच्या एकनाथांची भूमिका घेऊन पडद्यावर आले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. दिग्दर्शक शांताराम, उणे म्हणावे असे काही नव्हते. परंतु ज्यांनी भामिनी आणि सिंधू पाहिली होती, त्यांना पुरुषवेशातील गंधर्व रुचेनात. पुढे त्यांनी पुन्हा लुगडे नेसले, आणि वय लपत नसतानाही लोक पाहावयास गेले. अमिताभच्याही बाबतीत १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये असेच घडले. त्याने भूमिकेसाठी आवाज बदलला, तर प्रेक्षकांनी तक्रार केली आणि संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. त्याच भूमिकेला पुढे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, हा भाग निराळा.

पण ह्या वेळी भूमिकेची निवडच अशी की, वाद नटापाशी थांबू नये. दिवाळीच्या अभ्यंगाला तेलाची वाटी हाती घेतली की आई पहिले दोन-चार थेंब जमिनीवर शिंपडी आणि मगच आमच्या डोक्याला हात लावी. ते थेंब अश्वत्थाम्याचे. कपाळीचा मणी काढून घेतलेला, ती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा तो. नंदुरबारकडे सातपुड्यात त्याच्या नावाचे शिखर आहे, आणि दिवाळीच्या सुमारास लोक मोठ्या संख्येने ते चढतात. विचित्र हे की, आपल्याकडे वाढदिवसाच्या विधीत सप्तचिरंजीवांचे पूजन होते आणि त्यांतही हाच असतो. म्हणजे ज्याला दीर्घायुष्य हा शाप म्हणून मिळाले, त्याच्याकडे आपण तेच वर म्हणून मागतो! महाभारतात ही शिक्षा तीन हजार वर्षांची आहे. चित्रपटाने ती दुप्पट केली, आणि एक सुरेख कलाटणी दिली: ज्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, त्यालाच कल्कीच्या मातेच्या गर्भाची राखण करावयास लावले. इरावतीबाईंच्या ‘युगान्त’वर वाढलेल्या वाचकालाही ह्यात नवे काही सापडावे.

बाकी चित्रपटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रुक्ष झालेली काशी, वर आकाशात तरंगणारी धनिकांची नगरी, बोलणारी मोटार. पूर्वार्ध रेंगाळतो, आणि यंत्रे पुष्कळशी परदेशी चित्रपटांत पाहिलेली. ही खरी विज्ञानकथा नव्हे, असे आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने. आपली आद्याक्षरे उलटी करून, परीक्षकांवर कीर्तीचा भार पडू नये म्हणून. येथे सारे उलट. येथे कीर्ती आधी येते, कथा मागून. परंतु साहित्यात जे सौजन्य शोभते ते पडद्यावर शक्यच नाही. चेहरा टोपणनावाने पाठविता येत नाही.

२७ जूनला चित्रपट लागला आणि आमच्या कॉलेजातील पक्ष मोडले. धर्माबादचा एक मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, “सर, तुमचा म्हातारा भारी आहे.” हे ‘तुमचा’ मला आवडले. ऑगस्टमध्ये अर्शद वारसी ह्यांनी अमिताभची स्तुती करून प्रभास विदूषकासारखा वाटला असे म्हटले, तेव्हा तीच मुले पुन्हा चवताळली. पण म्हाताऱ्याविरुद्ध मात्र कोणी बोलले नाही.

मामा जुलैत डोळ्यांच्या तपासणीसाठी अहमदपूर-लोहा मार्गे एस. टी.ने नांदेडला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षे वय, एका डोळ्यात मोतीबिंदू. तपासणी झाल्यावर स्वतःच म्हणाले, “चल, बघू तरी काय केलंय त्याचं.” तीन तास ते खुर्चीत पुढे वाकून बसले होते. ऐंशी उलटलेला तो माणूस पडद्यावर तरुणांपेक्षा दोन हात उंच होऊन उभा राहिला, तेव्हा मागच्या रांगेतील पोरांनी शिट्ट्या मारल्या. एरवी मामांना शिट्टीचा संताप. त्या दिवशी त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. मध्यंतरात मी चहा आणला, तो त्यांच्या हातातच निवला.

बाहेर आलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. रिक्षात बसेपर्यंत मामा गप्प. मग म्हणाले, “ही गोष्ट पुरी कुठं झाली? अर्ध्यातच संपवली.”

“मालिका आहे मामा. पुढचा भाग काढणार आहेत.”

“कधी?”

“वर्षं लागतील दोन-चार. अशा कामाला वेळ लागतो.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. अमिताभचे वय मोजले की स्वतःचे, हे मी विचारले नाही. “मग तो डोळा आत्ताच करून घेऊ,” ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला पुन्हा दवाखान्याकडे वळावयास सांगितले.