चाली लक्षात ठेवणारा

नातवाने कार्टर फॅमिलीची गाणी ऐकवली. अगदी घरचा बँड: ए. पी. कार्टर, बायको सारा आणि तिची धाकटी जाऊ मेबेल. १९२७ साली टेनेसीतल्या ब्रिस्टलला त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं.

पण मला चटका लावला तो लेस्ली रिडलने. कृष्णवर्णीय, एक पाय गमावलेला गिटारवादक. गाणी गोळा करायला ए. पी. गावोगाव हिंडे, तेव्हा हा सोबत. ए. पी. शब्द उतरवी, चाल रिडल डोक्यात ठेवी. (आमच्या आजीच्या ओव्यांना असं कुणी भेटलं नाही!) मेबेलनेही त्याच्या बोटांची लकब उचलली. रेकॉर्डवर मात्र नाव नाही. पंगतीला घरचा, रेशनकार्डावर नाही, तसं.

१९६५ मध्ये माइक सीगरने त्याला शोधलं, तोवर त्याचं वाजवणं सुटलं होतं. त्याची स्वतःची रेकॉर्ड निघाली १९९३ साली, तो गेल्यावर.