आधी उघडून बघा

गुरुवार, ९ जानेवारी २०२५, पुणे

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दुरुस्ती मेळावा आहे. आज तपकीर गल्लीतून मिक्सरचे कार्बन, कपलर, पंख्याचे कंडेन्सर आणि इस्त्रीच्या वायरी आणल्या. एवढ्याशा सुट्या भागांवाचून चांगली यंत्रं भंगारात जातात, याचा मनस्वी राग येतो.

मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बंगळुरूत २०१५ पासून असे मेळावे होतात. त्यांचाच नियम आम्ही घेतला आहे: वस्तू ठेवून निघून जायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं.

रविवार, १२ जानेवारी

संक्रांत परवावर आलेली. तिळाचा कूट करायचा तर मिक्सर बंद, म्हणून एक काकू तो पिशवीत घालून आल्या. दुकानात त्यांना “नवाच घ्या” असं सांगितलं होतं. आमच्यातल्या निवृत्त वायरमन काकांनी मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबलं. काही फरक नाही. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काकूंच्याच हातात दिला. झाकण निघाल्यावर दोष दिसला. दोन्ही कार्बन इतके झिजले होते की मोटारीच्या फिरत्या कॉम्युटेटरला टेकतच नव्हते. काकांनी कॉम्युटेटरवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने साफ केली, काकूंनी नवी जोडी स्प्रिंगसकट बसवली. सुरुवातीला दोन-चार ठिणग्या उडाल्या आणि मिक्सर पूर्ववत फिरू लागला. थोड्या वेळाने पाहतो तर काकू शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कार्बन कसे ओळखायचे ते समजावत होत्या. मेळाव्याचं खरं काम हेच.

बुधवार, १५ जानेवारी

रविवारी हात टेकले ते वायरलेस इअरफोनपुढे. सगळे सांधे गोंदाने चिकटवलेले, बॅटरी आत कोंडलेली. उघडायचं म्हणजे फोडायचंच. अशा वस्तूपुढे कारागीर कितीही निष्णात असला तरी काय करणार? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातल्या पाव हिश्श्याचंही रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर ती दुरुस्तीला किती सोपी आहेत याचे गुण दाखवावे लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. आता असे गुण आपल्याकडच्या खोक्यांवरही सक्तीने छापले गेले पाहिजेत.

शनिवार, १८ जानेवारी

मेळाव्यातल्या फुकट दुरुस्तीने गल्लीतल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल का, हा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. आज पेठेतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, “लोक माझ्यापर्यंत येतच नाहीत. बंद पडलं की थेट नवं घेतात.” पंख्याची जळालेली मोटार पुन्हा भरणं हे हॉलमधल्या टेबलावरचं काम नव्हे. तसं सगळं काम त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं, पूर्ण मजुरीने. पुढच्या मेळाव्याला तेही बसतील, मानधन घेऊन.

मेळावा महिन्यातून एकदा भरतो, त्यांचं दुकान रोज उघडं असतं. ते टिकलं तरच दुरुस्तीची सवय टिकेल. म्हणून सांगणं एवढंच: वस्तू बंद पडली की प्लग काढून आधी उघडून बघा. नाही जमलं तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.