पुढच्या वर्षी बघू

'दोघी' आम्ही घरीच पाहिला, भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या दोन खोल्यांत, सगळे एकत्र बसून. गल्लीतले माग खडखडत होते म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला होता. सिनेमा अर्ध्यावर आला तशी आजी उठली, आत जाऊन तांदूळ निवडत बसली. संपेपर्यंत ती बाहेर आली नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा १९९५चा चित्रपट. लग्नाच्याच दिवशी नवरदेवाकडची माणसं अपघातात जातात आणि गौरी पांढऱ्या पायाची ठरते. वडील अंथरूण धरतात, घरात दाणा उरत नाही. मामा तिला कामाला म्हणून मुंबईला नेतो, आणि तिथे तिच्या वाट्याला वेश्याव्यवसाय येतो. गावी पैसे येऊ लागतात. धाकट्या कृष्णाच्या लग्नाला गौरी परतते, तेव्हा जिच्या पैशावर घर तगलं तिलाच आई दूर ठेवते.

सोनाली कुलकर्णीची कृष्णा आणि रेणुका दफ्तरदारची गौरी विसरता येत नाहीत, पण मला छळते ती उत्तरा बावकरांची आई. ती दुष्ट नाही. दुष्ट असती तर आपण सुटलो असतो. पैसे कुठून येतात हे तिला कळलंय, आणि ते बोलायची वेळ येऊ नये म्हणून तिने स्वतःचा दगड करून घेतलाय.

आमची आत्या कांडी भरायची. मागाच्या धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी बसते. ती संपली की माग अडतो. म्हणून कांडी मशीनवर बायका दिवसभर सूत भरत राहतात. आत्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्या सुताने पाडलेली रेघ आहे, चहाचा कप धरला की अजून दिसते. पगार झाला की पाकीट न फोडता आजीच्या हातात. त्यातून माझ्या वडिलांची फी, काकांचं आयटीआय, दोघा भावांची लग्नं. तिला स्थळ आलं की घरात ठरायचं, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. अशी किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत.

गौरीचं दुःख आणि आत्याचं दुःख मी एका तागडीत घालत नाही. आत्याला कुणी फसवून नेलं नव्हतं, ती आपल्याच घरात होती. पण आजी उठली ती त्या आईला ओळखून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' (२०००) पाहिला तेव्हा घरात निदान भांडण तरी झालं. सिनेमातल्या अदितीचं चुकलं की तिच्या नवऱ्याचं, श्रीकांतचं, यावर दोन तट पडले. मुलगा कुणाचा यावर माणसं तावातावाने बोलतात. 'दोघी'नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. खाल्लेलं अन्न सगळ्यांच्याच पोटात होतं.

भिवंडी तशी पैसे पाठवणाऱ्यांचीच. उत्तर प्रदेशातून, तेलंगणातून आलेली माणसं बारा-बारा तास माग चालवतात. संध्याकाळी वऱ्हाळा तलावाच्या काठाने चाललं की कुणीतरी फोनवर गावी विचारत असतं, 'पैसे मिळाले का?' हे कानावर पडलं की मला गौरी आठवते. पलीकडून कुणी विचारत असेल का, तू जेवलास का, म्हणून?

'दोघी' पाहिला त्या रात्री आत्या मात्र शेवटपर्यंत बसून होती. मी विचारलं, कसा वाटला? 'खरा आहे,' एवढंच म्हणाली आणि अंथरुणं घालायला उठली.

आजी आता नाही. खोलीच्या कागदांवर वडिलांचं आणि काकांचं नाव आहे. आत्याचं नाही. गेल्या महिन्यात मी दोघांना समोर बसवून म्हटलं, तिचं नाव घाला. काका म्हणाले, 'पुढच्या वर्षी बघू.' मी त्यांना तारीख विचारली आहे.