मैनाबाईंचा रामचंद्र

धार

चि. सौ. मृण्मयी आणि चि. अनिरुद्ध यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

मृण्मयी, तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत. घरात एक मूल असताना दुसऱ्यासाठी इतका जीव टाकणं हा हावरटपणा आहे का, हा पहिला. आणि ते होत नाही म्हणून दत्तकाकडे वळायचं, तर येणाऱ्या मुलाला आपण दुय्यम ठरवतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. दुसऱ्यासाठी मात्र आपल्याच मुलखाच्या इतिहासात थोडं मागं जावं लागेल, तेव्हा पत्र लांबलं तर दोघांनीही राग मानू नका.

'एक आहे ना पदरात' असं म्हणणाऱ्यांना वाटतं की एकदा कूस उजवली की शरीरानं कायमची हमी दिली. तसं नसतं. जगभरच्या सर्वेक्षणांवरून 2010 सालासाठी केलेला आणि 2012 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा हिशोब आहे. 20 ते 44 वयाच्या, मूल हवं असलेल्या स्त्रियांपैकी पहिलंच मूल होऊ न शकलेल्या 1.9 टक्के निघाल्या, आणि एक झाल्यावर पुढचं होऊ न शकलेल्या 10.5 टक्के. म्हणजे ज्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही ते दुखणं उघड दुखण्यापेक्षा कितीतरी पसरलेलं आहे. कारणंही गूढ नाहीत. दोन मुलांमध्ये वाढलेलं वय, बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर झालेला जंतुसंसर्ग, बंद झालेल्या गर्भनलिका, क्युरेटिंगनंतर गर्भाशयात धरलेले चिकटे, थायरॉईड, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असा जननेंद्रियांचा क्षयरोग. शिवाय नवऱ्याची तपासणी, जी अशा घरांत हमखास मागं पडते, कारण पहिलं मूल हेच त्याचं सर्टिफिकेट मानलं जातं. अनिरुद्ध, तुमची झाली आहे हे पत्रावरून दिसतं, म्हणून हे फक्त जाता जाता. तर हावरटपणा वगैरे काही नाही. इच्छा आहे, आणि ती पुरी होत नाही. पण कुठल्याही इच्छेनं आपोआप हक्क तयार होत नाही, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे. कायद्यानं एक वाट तुमच्यापुरती बंदच केली आहे: 2021 च्या सरोगसी कायद्यात हयात मूल असलेल्या जोडप्याला, ते मूल गंभीर आजारी वा अपंग असल्याखेरीज, परवानगी नाही. दत्तकाची वाट मोकळी आहे. ती मोकळी आहे म्हणून धरायची की ती आपली आहे म्हणून, यावर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे.

आता मैनाबाई. धारचे आनंदराव पवार 1807 साली वारले तेव्हा त्यांची ही पत्नी गरोदर होती. मुलगा झाला, त्याचं नाव रामचंद्र. भोवती शिंदे, होळकर, पेंढारी आणि घरातलेच दावेदार. त्या धुमाळीत हे तान्हं मूल म्हणजेच राज्य होतं. ते थोड्याच काळात गेलं. पती नाही, म्हणजे पुन्हा मूल होण्याचा प्रश्नच संपला. मैनाबाईंनी बहिणीचा, साधारण त्याच वयाचा मुलगा दत्तक घेतला आणि शिंदे-होळकरांची संमती मिळवली. इंग्रज अधिकारी माल्कमसाहेबानं 1823 च्या आपल्या ग्रंथात या बाईंची हकिगत आदरानं नोंदवली आहे, आणि आदर रास्तच आहे, कारण इंग्रजांशी झालेल्या 1819 च्या तहापर्यंत धारचं राज्य तगलं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पण मला अडखळायला होतं ते नावापाशी. दत्तक मुलाचं नावही रामचंद्रच ठेवलं गेलं. पुढं झाशीतही हेच. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचा दामोदर 1851 साली जन्मून चार महिन्यांत गेला. 1853 च्या नोव्हेंबरात, मरणाच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी आनंदराव नावाचा मुलगा मांडीवर घेतला आणि त्याचा दामोदरराव झाला. ज्याला स्वतःचं नाव होतं त्याला गेलेल्याचं नाव दिलं गेलं. गादीच्या दृष्टीनं यात खोट काहीच नाही. जागा रिकामी होती, ती भरली.

तुमचं देवास तर या बाबतीत धारच्याही पुढं. तिथल्या दोन घराण्यांपैकी थोरल्या पातीची गादी संस्थापक तुकोजीरावांनंतरच दत्तकाकडे गेली आणि पुढंही पुन्हा पुन्हा जात राहिली. त्याच पातीचे विक्रमसिंहराव 1947 साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. त्या गादीसाठी आधी घेतलेला लहानगा शिवाजी 1946 साली वारला होता. विक्रमसिंहराव तेव्हा पस्तिशी उलटलेले, मुलाबाळांचे गृहस्थ. देवासची गादी त्यांच्या मुलाकडे, कृष्णाजीरावांकडे गेली. मुंबई इलाख्यातल्या शास्त्रार्थाप्रमाणे दत्तकाला वयाची आडकाठी नव्हती. आज 1956 च्या कायद्यानं, रूढी वेगळी नसेल तर, दत्तक पंधराच्या आतला आणि अविवाहित लागतो. पण ज्या विधीत घेणारा देणाऱ्याकडे जाऊन मूल मागतो, दोन्ही हातांनी स्वीकारतो, मांडीवर बसवून त्याचं मस्तक हुंगतो, तो विधी मूळचा लेकरासाठी आहे आणि व्यवहारात मात्र तो वारसासाठी राबला, हे या एका उदाहरणावरून कळतं. आपल्या शाळेच्या पुस्तकातही 'दत्तक' हा शब्द आपण कसा शिकलो? 'डलहौसीने दत्तक नामंजूर केला.' सातारा, नागपूर, झाशी. अन्याय झाला तो राज्यावर. ज्याचा दत्तक नामंजूर झाला ते पोर पुढं कसं जगलं, हे कुणी परीक्षेत विचारत नाही. झाशीचा दामोदरराव इंदुरात पेन्शनीवर राहिला आणि 1906 साली तिथंच वारला.

हा इतिहास तुमच्यापुढं मांडण्याचं कारण एवढंच, की गाद्या गेल्या तरी रिकामी जागा भरण्याची ती रीत गेलेली नाही. ती आता साध्या घरांतून नांदते. न झालेल्या दुसऱ्या मुलाची एक जागा आईबापांच्या मनात तयार असते, त्याचं वय, त्याचा रंग, थोरलीशी त्याचं असलेलं अंतर, सगळं ठरलेलं असतं, आणि दत्तक मुलानं त्या जागेत मावावं अशी अपेक्षा असते. माझं म्हणणं असं: ही जागा आधी मोडावी लागते, मगच दत्तकाचा विचार सुरू होतो. दत्तक हा उपचारांचा शेवटचा टप्पा नव्हे. गोळ्या, मग इंजेक्शनं, मग आययूआय, मग आयव्हीएफ, मग दत्तक, अशी शिडी डॉक्टरांच्या बोलण्यात आणि आपल्या मनात नकळत लागते. त्या शिडीवरून आलेलं मूल 'तेही जमलं नाही म्हणून' आलेलं असतं, आणि हे त्याच्यापासून लपत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, वय थांबत नाही आणि रांगही थांबत नाही, मग उपचार पुरे संपेपर्यंत नोंदणीच करायची नाही का? ही शंका खरी आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे काराकडे, नाव नोंदवलेली जोडपी तीस हजारांहून जास्त आणि वर्षाला होणारी दत्तकं साधारण चार-साडेचार हजार. तान्ह्या मुलासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं. त्यात 2022 च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या पुढं चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. तेव्हा नोंदणी आज करा, तिला माझी ना नाही. पण संस्थेकडून मुलाची माहिती येते, फोटो येतो, वैद्यकीय अहवाल येतो आणि 48 तासांत हो-नाही कळवायचं असतं. त्या 48 तासांत 'अजून एक सायकल करून बघू का' हा विचार डोक्यात असता कामा नये. गोठवून ठेवलेले भ्रूण कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यांचं काय करायचं, तो निर्णय या फोटोच्या आधीचा आहे.

शेजारपाजारच्या बायका आणखी एक सांगतील, आणि कदाचित सांगूनही झालं असेल: 'दत्तक घ्या, की आपोआप दिवस राहतात.' गेल्या शतकात दत्तक घेतलेल्या आणि न घेतलेल्या जोडप्यांची तुलना करून हे तपासलं गेलं आहे. दत्तक घेतल्यानं गर्भधारणेचं प्रमाण वाढतं असं काही दिसलं नाही. कुणा एखाद्या घरात तसं झालेलं सगळ्यांना आठवतं, न झालेली घरं कुणी मोजत नाही. पण खरं असतं तरी मी ते ऐकून घेतलं नसतं. तुमच्या देवासच्या टेकडीवरच्या देवीला बोललेला नवस निदान देवीला तरी त्रास देत नाही. इथं नवसाचं साधन म्हणून एक जिवंत मूल घरात आणायचं असतं.

याहून अवघड हरकत ही, की थोरलीला सोबत हवी म्हणून घेतलं तर तेही साधनच झालं की. आणि असं पाहिलं तर पोटची मुलं तरी कुठं निर्हेतुक जन्मतात? थोरल्याला भावंड म्हणूनच तर निम्मी दुसरी मुलं जन्माला येतात. ही हरकत मला पुरी खोडता येत नाही, आणि खोडायचीही नाही. हेतू सगळ्यांचे मिसळलेलेच असतात. फरक इतकाच की दत्तक येणाऱ्या मुलानं आधीच एक आई गमावलेली असते, बहुधा संस्थेतली सांभाळणारी ताईही गमावायची असते. त्याच्या खांद्यावर आधीच ओझं असताना आपला हेतू किती वजनाचा लादायचा, याचा अंदाज आपण घ्यायचा. तुमची ईरा सात वर्षांची आहे. नियमाप्रमाणे घरातलं मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याचीही संमती कागदावर लागते. मला हा नियम फार शहाणा वाटतो, कारण सोबत कुणाला हवी आहे हे त्यानं उघड होतं. विचारताना मात्र 'तुला बाळ आणू का' असं विचारू नका. मूल तिच्यासाठी आणलंय असं तिला वाटलं, तर उद्या भांडणात 'परत पाठवा' म्हणण्याचा हक्कही तिला आपलाच वाटेल.

दत्तकाला पुण्याचं काम म्हणणाऱ्यांपासूनही सांभाळा. हिशोब वर दिला आहे: तान्ह्या मुलांमागं आईबापांची रांग आहे, आईबापांमागं मुलांची नाही. तुम्ही तान्हं मूल घेतलं नाही तर दुसरं कुणी घेईल. तेव्हा त्यात उपकार नाही, आणि ज्या घरात उपकाराची भाषा शिरली तिथं पोरानं जन्मभर कृतज्ञ राहावं ही अपेक्षाही मागोमाग येते. ज्यांना घर मिळत नाही ती मुलं निराळी: पाच-सहा वर्षांपुढची, भावंडांच्या जोड्या, काही व्याधी किंवा अपंगत्व असलेली. मुलगी वाढवून हात बसलेल्या तुमच्यासारख्यांनी तिकडे निदान एकदा पाहावं असं मला वाटतं. आग्रह नाही. मोठ्या मुलाचं रुजणं कठीण असतं, काही घरांतून मुलं परतही जातात, आणि ती इजा न नेण्यापेक्षा मोठी असते.

अनिरुद्ध, तुमच्या आईंचं म्हणणं की घरातलंच घ्यावं, धाकट्या जावेचं होणारं मूल, रक्त आपलं राहील. मैनाबाईंनीही बहिणीचंच घेतलं. कायद्यात नात्यातल्या दत्तकाची स्वतंत्र सोय आहे, तेव्हा यात गैर काही नाही. पण दिवाळीला एका पंगतीत मुलाच्या दोन्ही आया बसणार, आणि त्यांतल्या एकीनं ते खरंच मनानं दिलं की सासूच्या शब्दाखाली, हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. जन्मायच्या आधीच ज्याचा शब्द दिला गेला त्याच्या आईला नंतर नाही म्हणता येईल का? याचं उत्तर 'हो' असेल तरच त्या वाटेला जा. आणि नर्सिंग होममधून 'परस्पर मिळवून देतो' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्याशी बोलूही नका. बाल न्याय कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्यामागं बहुधा एखादी नडलेली पोर असते.

शेवटी कायद्याची एक गाठ. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात तसं आहे: मुलगा असेल तर मुलगा नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. पुन्हा तीच जागा भरण्याची गोष्ट, भरलेली जागा दुसऱ्यांदा कशी भरणार! पण अनाथ, सोडून दिलेल्या वा संस्थेकडे सोपवलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायदा आहे, त्यात ही अट नाही, आणि पोटची मुलगी असलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात 2009 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी ते स्पष्ट केलं आहे. 2022 पासून हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि नंतर दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन मूल कसं आहे ते पाहते. कुणी मैनाबाईंच्या वाड्यात अशी चौकशीला गेली असती तर!

आज देशात दत्तक जाणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांहून जास्त आहे. नोंदणीच्या फॉर्मवर मुलगा, मुलगी किंवा दोन्ही चालेल असे पर्याय असतात. तिथं काय लिहायचं यावर तुमच्यात मतभेद आहेत असं तू लिहिलं आहेस. मला विचारशील तर दोन्ही चालेल असं लिहा. आणि मूल आलं की त्याचं संस्थेतलं नाव काय आहे ते आधी विचारून घ्या. बदलायचं की नाही ते मग बघू.

ईराला गोड पापा. घरी वडिलांना नमस्कार.

तुमची,
मावशी