अखेरच्या वाटेवरचे भजन

बेळगावच्या दक्षिण अंगास शहापूर, खासबाग आणि वडगाव या वस्त्या एकमेकींना बिलगून आहेत. वडगाव म्हणजे विणकरांचे गाव. गल्लीत पाऊल टाकावे तो यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. वस्ती सरली की भाताची शेते लागतात आणि येळ्ळूरच्या बाजूस राजहंसगड उभा दिसतो. आषाढातील मंगाई देवीच्या यात्रेमुळे हे नाव दूरवर पोहोचले आहे. आम्हांस मात्र येथे सांगावयाचे आहे ते निरोपाच्या गाण्याविषयी.

या मुलखात माळकऱ्याची अंत्ययात्रा मुक्याने निघत नाही. पुढे टाळ-मृदंगाच्या साथीने भजनी मंडळी चालतात आणि मागून रडणाऱ्यांचे पाऊलही त्या ठेक्यात पडू लागते. येथील एका वयोवृद्ध विणकरांनी आपले अभंग आधीच ठरवून ठेवले आहेत : घरातून उचलताना कोणता, वाटेत कोणता, चितेपाशी कोणता. त्यांची चिंता निराळीच होती. टाळकरी थकले, मुले नोकरीसाठी पांगली. "यंत्रावर लावू नका. चुकतमाकत का होईना, तोंडाने म्हणा," एवढेच त्यांचे मागणे.

ही इच्छा नवी नव्हे. इ. स. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो सोहळा नामदेवांच्या अभंगांतून आजही ऐकू येतो. सातासमुद्रांपलीकडेही हेच. १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपाँ या संगीतकाराच्या अंत्यविधीप्रसंगी मोझार्टची मृतात्म्यांसाठीची प्रार्थना गाइली गेली. निरोप सुरांतून व्हावा, ही ओढ सर्व मानवजातीची आहे.

सीमाभागात तिला आणखी एक पदर आहे. शेजारच्या लिंगायत घरी मृतास बसवून समाधी देतात, तेथेही भजन होते. भाषा कन्नड, भाव तोच. ज्ञानदेवांनी विठ्ठलास कानडा म्हटले. पुरंदरदासांनी त्याच विठ्ठलाचे नाव आपल्या पदांची मुद्रा केले. ज्याच्या नावाने निरोप द्यावयाचा, तो देव तरी दोन्ही घरचाच आहे.

आणि विणकरांच्या गावी कबीर कसा विसरावा? तो स्वतः विणकर. देहाला त्याने विणलेल्या वस्त्राची उपमा दिली. त्याची निर्गुणी भजने घरोघर पोहोचविणारे कुमार गंधर्व याच बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९२४ मध्ये ते तेथे जन्मले, पुढे माळव्यात देवासला स्थायिक झाले आणि १९९२ मध्ये तेथेच निवर्तले. मुलूख सुटला तरी गाणे सुटत नाही, याचा याहून मोठा दाखला परमुलखातील मराठी कुटुंबांना कोणता हवा?

मात्र एक गोष्ट ध्यानी धरावी. आपला अभंग कागदावर लिहून ठेवल्याने काम भागत नाही. तो म्हणणारे चार कंठ मागे उरावे लागतात. परगावी भजनी मंडळ नसेल, शेजाऱ्यांस आपली भाषा येत नसेल, तेव्हा ते कंठ घरातलेच असावयास हवेत. म्हणून ज्याला अखेरचे गाणे निवडावयाचे आहे, त्याने ते आजच, एकादशीच्या संध्याकाळी, नातवंडांना शेजारी बसवून म्हणावे. मुलांना त्याचे प्रयोजन सांगण्याची गरज नाही. चाल तेवढी तोंडी बसली, की वेळ येईल तेव्हा ती आपोआप ओठी येईल.