तंजावरच्या चार राजवीथी

महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा साक्षर प्रवासी बहुधा दोन स्थळे मनात धरून जातो. एक, राजराज चोळाने इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर. आणि दुसरे, राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय. मंदिराच्या प्राकारात १८०३ साली कोरलेला भोसले कुळाच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहून त्याचा ऊर भरून येतो. सरस्वती महालात मोडी कागदपत्रांचे रुमाल आहेत, हे कळल्यावर अभिमानात थोडी खंतही मिसळते. सायंकाळच्या गाडीने तो परततो. मंदिर आणि राजवाडा यांच्या आसपास वसलेले गाव त्याने पायाखाली घातलेले असते, पण पाहिलेले नसते. राजधानीची ओळख राजवाड्यावरून करून घेण्याची ही सवय जुनी आहे. मात्र राजधानीत राजा एकटा राहत नाही. त्याच्याभोवती जी माणसे बिऱ्हाडे थाटतात, त्यांच्या वस्त्यांनाच त्या नगराचा खरा स्वभाव म्हणावे लागते.

तंजावरचा आराखडा मराठ्यांनी आखलेला नाही. सोळाव्या शतकात नायक राजांनी येथे आपली राजधानी उभारली. तटबंदीच्या आत मध्यभागी राजवाडा आणि त्याच्या चार दिशांना चार रुंद राजवीथी, ही त्या नगराची मूळ कल्पना. या वीथींची नावे केवळ दिशांची आहेत: कीळ, तेर्कु, मेल आणि वडक्कु, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर. तमिळमध्ये ‘मेल’ म्हणजे वरचा आणि ‘कीळ’ म्हणजे खालचा, असाही अर्थ आहे. कावेरीच्या या प्रदेशात पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने वाहते. म्हणून पश्चिम ती वरची आणि पूर्व ती खालची. रस्त्याच्या नावातच जमिनीचा उतार सामावलेला आहे. नगराची रचनाही पाण्याला धरूनच झाली. सेवप्प नायकाच्या नावाच्या तलावाचे पाणी बृहदीश्वराशेजारच्या शिवगंगा तळ्यात येई आणि तेथून जमिनीखालच्या मार्गांनी ते वस्तीतील अय्यनकुळम व सामंतनकुळम या तळ्यांपर्यंत पोहोचे. अलीकडच्या वर्षांत अय्यनकुळमचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा या जुन्या जलमार्गाकडे पुन्हा लक्ष गेले. कोणत्या आळीत कोण राहील हे राजा ठरवीत असेल. पण तेथे राहता येईल की नाही, हे या अदृश्य पाण्याने ठरविले होते.

मराठी वाचकाला परिचित असलेली नगररचना याहून वेगळी आहे. पुण्यातील पेठ ही मुळात बाजाराची वस्ती. शेटे-महाजनांना कौल देऊन ती वसविली जाई आणि तिला वाराचे किंवा एखाद्या व्यक्तीचे नाव मिळे. आधुनिक काळातील नियोजित राजधानीचे उदाहरण घ्यायचे तर चंदीगढ. तेथे वस्तीला नाव नसून क्रमांक आहे आणि सरकारी नोकरांची घरे त्यांच्या पगाराच्या पायरीनुसार रेखिलेली आहेत. तंजावरच्या राजवीथींवर घराचे स्थान ठरे ते सेवेने. देवाची सेवा आणि दरबाराची सेवा या दोन नात्यांनी माणसे येथे आली. या रचनेचे जेवढे कौतुक करावे तेवढीच तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेवा जातीने ठरत होती आणि म्हणून रस्ताही जातीने ठरत होता. ज्यांच्या श्रमांवर राजधानी उभी होती, त्यांतील अनेकांना या वीथींवर ना घर होते, ना तेथील देवळात प्रवेश. मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९३९ साली झाला. त्याच वर्षी तंजावरच्या भोसले घराण्याने आपल्या विश्वस्ततेखालील मंदिरे सर्वांना खुली केली.

एकोजीराजे तंजावरला आले ते १६७५-७६च्या सुमारास. त्यांनी नवे नगर वसविले नाही; नायकांच्या आराखड्यात ते राहावयास आले. ही गोष्ट साधी वाटली तरी तीत बरेच काही आहे. जिंकणारा येथे एका अर्थाने बिऱ्हाडकरू होता. त्याच्यामागून आलेले चिटणीस, शास्त्री, कीर्तनकार आणि शिलेदार आधीच भरलेल्या आळ्यांत सामावले. शेजारी तेलुगू बोलणारा, समोरचा तमिळ बोलणारा, आणि दोघांनाही समान असलेली संस्कृत. पश्चिम वीथीवर एक फेरी मारली, तरी ही सरमिसळ ध्यानात येते. याच वीथीवर कांचीहून आलेल्या बंगारू कामाक्षीचे देऊळ आहे. तिच्या पूजेचा मान ज्या घराण्याकडे होता, त्यात संगीतकार श्यामाशास्त्री (१७६२–१८२७) झाले. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात, त्याच्या सादरीकरणाचा क्रम बांधणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांचे घरही याच वीथीवरचे. पश्चिम आणि उत्तर वीथी जेथे मिळतात, तेथे प्रतापसिंहराजांनी मारुती स्थापिला. त्यांच्या नावाने तो ‘प्रतापवीर हनुमान’. पण लोक त्याला कोपऱ्यावरचा आंजनेय म्हणूनच ओळखतात. राजाचे नाव मागे पडले आणि आळीचा कोपरा पुढे आला. समर्थ संप्रदायाचे भीमस्वामी ज्या गावात मठ करून राहिले, त्या गावातील मारुतीला अशी घरगुती ओळख मिळावी, हे योग्यच झाले.

तटाबाहेरच्या वस्त्यांचा स्वभाव आणखी वेगळा. मानंबुचावडीच्या नावात महानवमीच्या उत्सवाची आठवण आहे. रेशीम विणणारे सौराष्ट्र समाजाचे लोक, ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यागराजांचे शिष्य वेंकटसुब्बय्यर यांचे घर, अशी सर्व त्या एका नावाखाली नांदली. उत्तरेकडे करंदै. तेथे १९११ साली तमिळ संगम स्थापन झाला आणि शुद्ध तमिळच्या आग्रहाचे ते एक केंद्र ठरले. ज्या नगरात दरबाराचा पत्रव्यवहार मोडीत होई, त्याच नगराच्या एका उपनगराने तमिळचा ध्वज उचलावा, यात विरोध शोधण्याचे कारण नाही. दरबाराची भाषा आणि जमिनीची भाषा एक नव्हती, आणि वस्त्यांना ते नेहमीच ठाऊक होते.

या नगराच्या इतिहासात एक वर्ष विलक्षण आहे. १७९९च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि त्याच्या लगतचा थोडा भाग. म्हणजे राज्य आकसून चार राजवीथी आणि त्यांच्या आळ्या एवढे झाले. सैन्य नाही, सारा नाही, सीमा नाही. आहेत ती घरे, देवळे, तळी, पाठशाळा आणि माणसे. सरफोजींचे मोठेपण ग्रंथसंग्रहाच्या संदर्भात सांगितले जाते, ते योग्यच आहे. परंतु या कोंडीतून त्यांनी काय निर्माण केले, हेही पाहावे. १८०५ साली त्यांनी देवनागरी मुद्रणालय काढले आणि १८०६मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. मराठीतील आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी एक पुणे किंवा मुंबईत नव्हे, तर कावेरीच्या मुलखातील एका किल्ल्यात छापले गेले, आणि तेही मुलांसाठी. ज्याच्यापाशी केवळ वस्तीच उरली, त्या राजाने वस्तीतील मुलांचा विचार केला.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राण्यांची खाजगी मालमत्ताही सरकारजमा झाली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी त्याविरुद्ध न्याय मागितला. १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की हे राज्यसत्तेचे कृत्य असून न्यायालयांच्या अधिकाराबाहेरचे आहे. त्यानंतर राजवाडा हा सत्तेचे स्थान न राहता एका कुटुंबाचे निवासस्थान झाला. राजधानी हा शब्द गळून पडला आणि निवास तेवढा उरला.

चिटणिशी करणाऱ्या घराण्यांपुढे मग पोटाचा प्रश्न उभा राहिला. मोडी येणाऱ्या माणसाचे काम संपले होते. त्यांच्या मुलांनी इंग्रजी उचलली आणि ती मद्रास, त्रावणकोर, म्हैसूर अशी पांगली. याच प्रदेशातील मराठी घराण्यात कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा येथे दिवाण झाले, हे त्या पांगापांगीचे सर्वांत उजळ उदाहरण. अनेकांच्या वाट्याला साधी कारकुनी आली. वीथींवरची ओटी-चौकांची घरे भाड्याने गेली किंवा विकली गेली. तमिळमध्ये बिऱ्हाडाला ‘जागै’ असा एक शब्द आहे. तो मराठीतील ‘जागे’च्याच कुळातला. घरे गेली आणि घराचा शब्द शेजाऱ्याकडे राहिला.

नगराचा केंद्रबिंदूही पुढे हलला. १८६१ साली नागपट्टणमकडून रेल्वे आली. १८६६ साली नगरपालिका झाली. १९५९मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्या रस्त्याला नव्या वसाहती लागल्या. गृहनिर्माण मंडळाच्या घरांना दिशा नाही, देव नाही, क्रमांक आहे. तेथील रहिवाशाला आपला शेजारी कोणत्या सेवेतून आला, हे माहीत असण्याचे कारण नाही, आणि ज्यांना जुन्या वीथींनी दूर ठेवले होते त्यांच्यासाठी ते अज्ञान ही सुटकाच आहे. जुन्या वस्तीविषयी हळहळ बाळगणाऱ्याने एवढे विसरू नये.

तरीही एक प्रश्न उरतो. दरबाराची मराठी आज कोठे आहे? ती शिळेवर आहे आणि रुमालांत बांधलेली आहे. तेथे ती वाचण्यासाठी तज्ज्ञ लागतो. परंतु ‘राव’ आणि ‘रायर’ म्हणविणाऱ्या काही घरांतून स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलली जाणारी, तमिळ हेलाची तंजावरी मराठी अद्याप जिवंत आहे. तिला कोणी राजाश्रय दिला नाही. शाळेत ती शिकविली जात नाही. आईने मुलाशी बोलताना वापरली, एवढाच तिचा आधार. सत्तेच्या मराठीला सिंहासनाबरोबर मूक व्हावे लागले. आळीतल्या मराठीला सिंहासन गेल्याची वार्ता जणू पोहोचलीच नाही. अर्थात ही दुसरी भाषाही आता उतरणीला लागली आहे. ती बोलणारी पिढी वृद्ध होत चालली आहे, आणि शिलालेखासमोर ऊर भरून येणारा प्रवासी तिच्या दारावरून न थांबता पुढे जातो.

२०१५ साली सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर बृहदीश्वराचा रथ पुन्हा चारही राजवीथींतून ओढला गेला. वीथी एवढ्या रुंद का आखल्या होत्या, हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागले नाही. रथाचे दोर धरणाऱ्यांत राजाचे सेवक नव्हते. गावातील आणि गावाबाहेरील वाटेल तो माणूस होता. कधीकाळी या रस्त्यावर ज्यांना घर मिळाले नसते, त्यांनाही आता दोराला हात लावण्यापासून कोणी अडवू शकत नव्हते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसे उभी होती. त्यांत एखादी मराठी बोलणारी वृद्धा असेलच, तर ती नातवाला रथ दाखवीत काय म्हणाली असेल, हे ऐकण्यासाठी त्या ओट्यापर्यंतच जावे लागेल.